पंचगंगेचं पाणी पहाटे तपासा, दुपारी नको

घाटकरी : परवा दुपारी दोनला कोल्हापुरात पंचगंगा घाटावर काही पोरं टीडीएस मीटर बुडवून बसली होती. आकडा कमी आला, तर म्हणाली, "पाणी बरं आहे की!" वाईट वाटलं. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यात मैलापाणी कळत नाही. आणि दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्यामुळं पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. खरी अवस्था कळते उजाडायच्या आधी. अंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, बीओडी, म्हणजे घाण कुजताना जेवढा ऑक्सिजन खाते तो आकडा, 3 च्या आत हवा. माझं म्हणणं, शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली, पहाटे, आपण नागरिकांनीच मोजावं.

बावडेकर : कशाला? नाक आहे ना? 2012 ला इचलकरंजीत काविळीनं माणसं दगावली, तेव्हा काय आकडे नव्हते म्हणून दगावली का? तपासणी म्हणजे काम टाळायची सोय झालीय. आधी नाले अडवा.

घाटकरी : नाक घाण आहे एवढंच सांगतं, कुठल्या नाल्यानं किती वाजता केली ते सांगत नाही. सरकारी नमुना महिन्यातून एकदा. उरलेल्या दिवसांचं काय?

लॅबवाला : मी या कामात होतो, म्हणून विरोध करतोय. ऑक्सिजन मोजायच्या नमुन्याच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. रसायन तिथंच काठावर घालावं लागतं. बीओडीचा नमुना बर्फात न्यायचा, मग 27 अंशाला तीन दिवस ठेवायचा. शिवाय 1974 च्या जल कायद्यात सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायला अधिकाऱ्यानं नोटीस देऊन घ्यावा लागतो, दोन भाग करून सील करावा लागतो. तुमच्या चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून दोषी माणूस सुटेल, आणि पुढं खऱ्या आकड्यावरही कोण विश्वास ठेवणार नाही.

घाटकरी : कोर्टाचं पटलं, बुडबुड्याचंही. पण आम्हाला खटला नाही चालवायचा. अधिकाऱ्यानं कुठं आणि किती वाजता यावं, तेवढं दाखवायचंय. आज ते कोण दाखवतं?

शिरोळची सून : तुमचं सगळं शहरापुरतंच चाललंय. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं, घाण तळाला बसते. वरून पाणी सुटलं की तीच ढवळून आमच्याकडं येते. आमच्याकडच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आम्ही बघितलाय. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी तिथं मोजा, म्हणजे खालच्या गावांना निदान जनावरं पाण्यावर न्यायची का नाही ते कळेल. बाकी वर्षभर मोजत बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

घाटकरी : वहिनी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तेरवाड धरतो.

लॅबवाला : मग आधी बाटली भरायला शिका. शिकवतो मी. माझं मत मात्र तेच आहे.

बावडेकर : माझंही. तुम्ही पाणी मोजा. मी नाल्याचं पाणी उपसतात तिथं थांबून पंप किती वाजता बंद पडला आणि किती वाजता चालू झाला, ते वहीत लिहिणार. पंप बंद असतो, त्या वेळेतच नाला नदीत जातो आणि नदी नासते.