अनुभव धागा: बंपरवर घासलेला दुसऱ्या गाडीचा रंग घरी कसा काढता?

दुसरी गाडी घासून गेली की आपल्या बंपरवर तिचा रंग चिकटून बसतो. हे डाग घरी काढणाऱ्यांनी आपापली पद्धत इथे लिहावी: काय वापरता, किती, कुठे थांबता आणि काय बिघडू शकतं. "घासा, निघतो" एवढंच नको.

निळं_फडकं
आधी बंपर शाम्पूने धुऊन वाळवा. डागात माती राहिली तर ती फडक्याबरोबर फिरते आणि नवे चरे पडतात. मग डागावर नख आडवं फिरवा. उंचवटा लागला तर परका रंग नुसता वर बसलाय, तो निघेल. नख खाचेत अडकलं तर तो ओरखडा आहे, घासून जाणार नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून डागावर अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुसा. हलके डाग इथेच जातात. राहिले तर क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ, मातीसारखा गोळा), भरपूर शाम्पूपाणी फवारून. क्ले कोरडा फिरवू नका आणि जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या, त्यात खडे रुततात.

तरीही उरलं तर रबिंग कंपाउंड (वरचा थर बारीक घासणारी पेस्ट). वाटाण्याएवढं पुरे. तळहाताएवढ्या जागेवर मध्यम दाबाने दहा-पंधरा हात मारा, पुसा, बघा. फडकं पांढरं घ्या. त्यावर समोरच्या गाडीचा रंग येत असेल तर काम नीट चाललंय. आपल्याच गाडीचा रंग यायला लागला तर तिथेच थांबा, कारण रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, संपलाय (जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगात मात्र तो येतोच). कंपनीचा क्लिअर कोट साधारण ४०–५० मायक्रॉनचा असतो आणि एकदा घासला गेला की परत येत नाही.

मास्किंग_टेप
थिनरबद्दल लिहायलाच हवं. कारखान्यातला भट्टीत पक्का झालेला रंग थोडा वेळ थिनर सोसतो. पण बंपर आधी रंगवलेला असेल, त्यातही स्प्रे कॅनने, तर एका पुसण्यात आपलाच रंग मऊ होऊन फडक्यावर येतो. आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला थेंबभर लावून बघा. हेडलाइटच्या काचेला तर थिनर किंवा अॅसिटोन लागूच देऊ नका: हल्ली ती काच नसून पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) असतं, त्यावर बारीक तडे जातात. मी थिनरऐवजी मिनरल टर्पेंटाइन सुचवेन. सावकाश चालतं, पण धोका कमी. नंतर शाम्पूने धुवा, नाहीतर तेलकट थर राहतो.

खडबडीत_काळा
वरचं सगळं रंगवलेल्या भागासाठी आहे. खालच्या न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड अजिबात नको. त्याच्या खडबडीत दाण्यांच्या खोबणीत ते पांढरं होऊन बसतं आणि मग तेच काढत बसावं लागतं. तिथे ऑल-पर्पज क्लीनर आणि मऊ टूथब्रश. मॅजिक इरेझर स्पंज (डाग बारीक घासून काढणारा पांढरा फोम) रंग काढतो, पण दाणेही घासतो, जागा चकचकीत दिसायला लागते. मॅट रंगाच्या गाडीवर कंपाउंड, पॉलिश, हा स्पंज, तिन्ही वर्ज्य.

सावलीत_उभी
सगळं सावलीत, बंपर गार असताना. उन्हात कंपाउंड लगेच वाळतं आणि पुसताना ओढलं जातं. पॉलिशिंग मशीन वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बंपर प्लास्टिकचा, त्यात उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते. पत्र्यापेक्षा इथे रंग लवकर जळतो. कमी वेग, पॅड सतत हलता. कडांवर आणि घड्यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे टेप लावून फक्त हाताने करा. पार्किंग सेन्सरवरही टेप लावा, म्हणजे भोवतीच्या फटीत कंपाउंड भरत नाही.

निळं_फडकं
एक राहिलं. डाग निघाल्यावर खाली ओरखडा दिसला तर लगेच वॅक्स करू नका. आधी अल्कोहोलने पुसा, टच-अप (ओरखडा भरायचा, गाडीच्याच छटेचा रंग) पातळ थरांत भरा, पूर्ण वाळू द्या आणि मगच वॅक्स. वॅक्सवर टच-अप धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो.