सल्ला हवा: प्राचीन ग्रीक ब्राँझची ओव्हरस्ट्राइक नाणी – सुरुवात कुठून करू?

वेताळटेकडी
नमस्कार मंडळी. मूळचा पुण्याचा, सध्या मुक्काम इंग्लंड. पंचमार्क (छोटी चिन्हं ठोकलेल्या प्राचीन भारतीय) नाण्यांचं थोडंफार वाचन आहे, ग्रीक बाजू मात्र पाटी कोरी. हल्ली एकाच प्रकाराने डोक्यात घर केलंय: जुनं नाणं न वितळवता तसंच ऐरणीवर ठेवून त्यावर दुसऱ्या गावाने आपला ठसा मारलेली ब्राँझ नाणी. कुठल्या प्रदेशापासून सुरू करावं? बजेट दोनशे पौंड. आणि नुसता ठसा सरकलेलं नाणं आणि खरं ओव्हरस्ट्राइक यात फरक कसा करायचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेवटचा ढब्बू
सिसिली. दुसरा विचारच करू नका. तिथे खाली काय सापडणार हे बऱ्याचदा आधीच ठाऊक असतं, आणि नवख्याला तोच मोठा आधार.

खाली असतं सिसिलीतल्याच सिराक्यूज या ग्रीक शहराचं दणदणीत ब्राँझ. एका बाजूला कॉरिंथी शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसरीकडे आठ टोकांचा तारामासा आणि त्याच्या दोन्ही अंगांना डॉल्फिन. वजन ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याच्या साधारण चौपट. पूर्वी हे सिराक्यूजची हुकूमशाही मोडणाऱ्या तिमोलियोन या सेनानीच्या काळातलं (इ.स.पू. ३४४ नंतरचं) मानत, आता बहुतेक अभ्यासक तिथला हुकूमशहा डायोनिसियस पहिला याच्या काळात, म्हणजे त्या शतकाच्या सुरुवातीकडे नेतात. पुढे आतल्या भागातल्या गावांनी हीच नाणी चकती म्हणून वापरली. एटनाच्या पायथ्याच्या अद्रानोनने वर अपोलो आणि लायर (हे तंतुवाद्य) छापलं. केंतोरिपाइने पर्सेफोनी आणि बिबट्या.

केंतोरिपाइच्या बाबतीत एक मेख आहे. पर्सेफोनीच्या चेहऱ्याभोवती त्यांचे स्वतःचेच चार डॉल्फिन असतात, सिराक्यूजच्या चांदीच्या देखण्या नाण्यांवरून उचललेले. त्यामुळे त्या बाजूला डॉल्फिन दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. बिबट्याच्या बाजूला दिसला तर मात्र तो खालचाच.

ओळखण्याबद्दल. ठसा सरकला तर तेच चित्र दोनदा दिसतं: दोन नाकं, दोन लायरी. ओव्हरस्ट्राइकमध्ये पाहुणा दिसतो, त्या नाण्याच्या चित्रात मुळात नसलेला. खोलीतले दिवे घालवा, एकच दिवा टेबलाच्या पातळीवर आडवा ठेवा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. आधी कड बघा. मग वरच्या चेहऱ्याचा गाल. ठशाच्या खोलगट भागात धातूवर दाब कमी पडतो, म्हणून गालावर जुन्या चित्राचे अवशेष टिकतात. नीट न पुसलेल्या पाटीवरच्या कालच्या गणितासारखे. खालची बाजू उलटी किंवा आडवीही असू शकते, कारण चकती कशी ठेवायची याची ऐरणीवरच्या माणसाला फिकीर नव्हती.

कजाग
दोनशे पौंडात सिसिली? झिजलेलंच मिळेल. मी मध्य ग्रीसमधल्या बिओशियाकडे जाईन. तिथल्या शहरांच्या संघाची नाणी, दर्शनी डिमीटर आणि मागे उभा पोसायडन, इ.स.पू. ३रं शतक. ती मॅसेडोनियाच्या अँटिगोनोस राजाच्या हेराक्लीस-घोडेस्वार नाण्यांवर इतकी सर्रास मारलीत की निवडायला भरपूर वाव मिळतो. लहान आहेत, हे खरं.

गोदाकाठ
वाचनखूण साठवली. आमच्या नाशिककडचं उदाहरण आठवल्याशिवाय कसं राहील! गोदावरी-दारणेच्या संगमावर जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेला ठेवा. १३,२५० च्या वर चांदीची नाणी, सगळी क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याची, आणि त्यातल्या सुमारे ९,२७० वर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्य आणि उज्जैन चिन्ह ठोकलेलं. चैत्याखालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक लिपीतली अक्षरं डोकावतात. म्हणजे ओव्हरस्ट्राइक म्हणजे हरलेल्याच्या तोंडावर मारलेला शिक्काच ना? लेण्यातल्या लेखात त्याला क्षहरात वंशाचा निःशेष संहार करणारा म्हटलंयच. अद्रानोननेही जुलमी सिराक्यूजचा असाच सूड घेतला असेल.

शेवटचा ढब्बू
गोदाकाठ, जोगलटेंभीचं मान्य. तिथे लेखाचाही आधार आहे. पण तो न्याय ग्रीक ब्राँझला लावू नका.

हायरॉन दुसरा घ्या. सिराक्यूजचा हा राजा इ.स.पू. २६३ पासून २१५ मध्ये मरेपर्यंत रोमचा पक्का दोस्त. तरी पुढच्या धामधुमीत, कार्थेजच्या हॅनिबलशी रोमचं युद्ध चालू असताना, सिसिलीतल्या रोमन टांकसाळीने त्याच्याच पोसायडन-त्रिशूळ नाण्यांवर कणसाच्या चिन्हाची आपली चिल्लर छापली. सूड कुणावर? फौजेला सुट्टे पैसे हवे होते आणि तयार चकत्या हाताशी होत्या. बस्स.

तांब्याच्या चिल्लरीचं मोल धातूपेक्षा शिक्क्यावर जास्त. शिक्का बदलला की जुना दर रद्द करता येतो, नवा लावता येतो आणि मधला फरक खजिन्यात. काळ्या समुद्राकाठच्या पांतिकापाइओनने तर स्वतःच्याच सॅटरच्या (ग्रीक पुराणातल्या अर्धपशू वनदेवाच्या) तोंडाच्या नाण्यांवर तारा आणि धनुष्याच्या भात्याचे छोटे शिक्के मारले. (ती काउंटरमार्क, ओव्हरस्ट्राइक नव्हे. विक्रेते दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवतात, सांभाळून.) स्वतःच स्वतःचा अपमान कोण करतो?

अद्रानोनने तिमोलियोनला दरवाजे उघडले, देवळातल्या देवाचा भाला थरथरला, हे प्लूटार्कने रंगवून सांगितलंय. गोष्ट झकास आहे. नाण्यावरून मात्र एवढंच ठरतं की लायर तारामाशानंतरची. किती वर्षांनी, तेही नाणं सांगत नाही.

मिलिंदाचे प्रश्न
इंडो-ग्रीक, म्हणजे भारताच्या वायव्येकडचे ग्रीक राजे, विसरलात? युक्रेटायडीसच्या नावाची चौकोनी ब्राँझ, खरोष्ठी या तिथल्या जुन्या लिपीत 'कविशिये नगर देवता' (कापिशी नगराची देवता) लिहिलेली, त्यांतली काही अपोलोडोटसच्या नाण्यांवर मारलेली आहेत. हेलिओक्लीस दुसऱ्याची अगाथोक्लिया आणि स्ट्रॅटोच्या ब्राँझवर. या राजांचा क्रम लावायला ग्रंथ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे अशा एकेका नाण्यावरून वंशावळी इकडच्या तिकडे होतात. ग्रीक आणि खरोष्ठी दोन्ही वाचण्याची चिकाटी असेल तर यात जी मजा आहे ती सिसिलीत नाही.

कजाग
वाचायला: डेव्हिड मॅकडोनाल्ड यांचं ओव्हरस्ट्राइक ग्रीक नाण्यांवरचं २००९ चं पुस्तक. एकेका नाण्यावर खालचं-वरचं सोडवून दाखवलंय, म्हणून उपयोगी. पैसे टाकायचे नसतील तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ऑनलाइन संग्रह फुकट चाळा. तुम्ही इंग्लंडात आहात, ब्रिटिश म्युझियमच्या नाणेविभागात आधी वेळ ठरवून अभ्यासासाठी जाता येतं. आधी पन्नासेक नाणी बघा, मग खिशात हात घाला.

वेताळटेकडी
सर्वांचे आभार! एक नाणं नजरेत आहे. अपोलो आणि लायर. लायरच्या डावीकडे एक जाड वाकडी रेघ, तिच्या एका टोकाला चोच आल्यासारखी, पाठीवर छोटा उंचवटा. विक्रेता म्हणतो ठसा सरकलाय, म्हणून थोडं स्वस्त. वजन २८.६ ग्रॅम. पृष्ठभाग खडबडीत आहे. स्वच्छ करून देऊ का, असंही विचारतोय.

शेवटचा ढब्बू
चोच आणि पाठीवर पर? अहो, तो डॉल्फिन! अद्रानोनच्या लायरशेजारी डॉल्फिन नसतो. ठसा सरकला असता तर दुसरी लायर दिसली असती. वजनही जुळतंय. तरी आडव्या उजेडातला फोटो मागवा आणि सिराक्यूजच्या नाण्याचा फोटो त्याच आकारात करून मोबाइलवर अर्धपारदर्शक वर ठेवा. शेपटी जुळली की मान तिरकी करून बघा, ताऱ्याचं एखादं टोक लायरच्या तारांमध्ये सापडतं का.

स्वच्छ करायला साफ नाही म्हणा. घासून गुळगुळीत केलेल्या नाण्यावर सगळ्यात आधी मरतो तो खालचा ठसा. घरी आणल्यावरही चिंच नाही, पितांबरी नाही. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तरच काळजी, तोवर कोरडं ठेवा. आणि घेताना जुनी पावती, आधीच्या लिलावाची चिठ्ठी, जे असेल ते मागून घ्या. इटलीतून अलीकडे उकरून आणलेला माल आपल्याला नको.

गोदाकाठ
सुट्टीत इकडे घेऊन या, एकदा डोळ्यांनी बघू :)

कजाग
ते तेवढं नको. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या नाण्यांनाही लागतो, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आणलंत तर परत नेताना विमानतळावर अडकाल. फोटो टाका इथे, मोठा.