विषय: गावच्या चर्चचं छप्पर – टिन की कवेलू (कौलं)? रविवारच्या आत कळवा

प्रेषक: खजिनदार

सर्वांना सप्रेम सलाम.
गावाहून पास्टरसाहेबांनी पाठवलेले गळक्या छपराचे फोटो पाहिले असतीलच. पुलपिटच्या डाव्या बाजूची भिंत पार खालपर्यंत ओली आहे. मिस्त्री म्हणतो, सगळे कवेलू उतरवा, रंगीत टिन टाका, मृगाच्या आत मोकळे. आपल्या इथल्या, परदेशातल्या मंडळाच्या खात्यात नाताळच्या कार्यक्रमाची शिल्लक पडून आहे, ती पास्टरसाहेबांच्या खात्यावर टाकतो. हरकत असेल तर रविवारच्या आत बोला.

प्रेषक: हिशेब तपासणीस
उत्तर: छप्पर

खजिनदारदादा, हरकत आहे. मंडळ इथं परदेशात नोंदलेलं आहे, म्हणजे भारताच्या कायद्यात ते परदेशी स्रोत. आपल्या गावच्या मंडळीच्या ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नाही. असती तरी २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेला द्यायचा आणि तिनं पुढं पोचवायचा, हा जुना रस्ता त्याच दुरुस्तीनं बंद केला. पास्टरसाहेबांच्या खात्यावर टाकणं तर सगळ्यात वाईट. चौकशी त्यांच्या दारात जाईल, आपल्या नाही.

चालतं ते एवढंच: ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, थेट ट्रस्टच्या खात्यावर द्यावेत. ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत ट्रस्टच्या फाइलला लावायची आणि पावती त्याच नावानं फाडायची. ओसीआय कार्डवाले (मूळचे भारतीय, पण पासपोर्ट परदेशी) कायद्यानं परदेशी नागरिक, त्यांनी रुपयाही पाठवू नये.

आणि "मी गावातल्या भावाला पाठवतो, तो देईल" असं कुणी लिहू नका. नातेवाइकाला वर्षाला १० लाखांपर्यंत सरकारला न कळवता पाठवता येतात, पण ते त्याच्या स्वतःसाठी. चर्चसाठी त्याच्या खात्यातून फिरवले की तो सरळ कायदा चुकवण्याचा प्रकार.

प्रेषक: टोरांटोवाले इंजिनिअर
उत्तर: उत्तर: छप्पर

पैशाचं हिशेबाच्या ताईंनी सांगितलं. पण टिनाचं ठरवलं कुणी?

छप्पर साधारण ५० फूट लांब, दोन्ही उतार १८ फुटांचे, म्हणजे १८०० चौरस फूट. चौरस मीटरला १५ कवेलू धरा, अडीच हजार होतात. एक इंग्रजी कवेलू अडीच किलोचा, म्हणजे वर सहा टनांहून जास्त ओझं आहे. अर्धा मिमीचा टिन टाकला तर पाऊण टन. मिस्त्रीला हा फायदा वाटतो, पण जुने वासे भिंतीवरच्या पाटावर (आडव्या लाकडावर) नुसते टेकलेले आहेत. त्यांना आजवर कवेलूंच्या वजनानंच धरून ठेवलं. वजन काढलं की मे महिन्यातल्या पहिल्या वावधानात (वादळात) वाऱ्यानं छप्पर वाशांसकट उचललं जाईल. टिन टाकायचाच असेल तर आधी प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं भिंतीत खाली दोन फुटांपर्यंत बांधून घ्यावा लागेल. तो खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही.

जे-हुक (पत्रा आवळणारा आकडा) पत्र्याच्या उंचवट्यावरच मारायचा, खोलगट भागात नाही. खाली रबरी वायसर हवाच. पत्र्यावर पत्रा टोकाला किमान सहा इंच चढला पाहिजे. हे सगळं नीट केलं तरी विदर्भातल्या उन्हाळ्यात दहाची उपासना टिनाखाली कशी होणार? कवेलूंच्या फटींतून हवा खेळते. टिनाला खालून सिलिंग लागतं, म्हणजे आणखी खर्च.

प्रेषक: लेस्टरवाले काका
उत्तर: उत्तर: उत्तर: छप्पर

अरे, त्या कवेलूंवर 'बासेल मिशन' आणि १८६५ असा शिक्का आहे! दीडशेहून अधिक वर्षांचं चर्च, आणि तुम्ही टिन टाकायला निघालात? हा ठेवा आहे, हात लावू नका.

प्रेषक: क्वायरवाल्या ताई
उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: छप्पर

काका, १८६५ हे कारखान्याचं साल. बासेल मिशननं मंगळूरला कवेलूंचा कारखाना काढला त्या वर्षाचं, आणि तोच शिक्का पुढं वर्षानुवर्षं साच्यावर राहिला. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ मध्ये. त्याआधी मंगळूरचे कवेलू वऱ्हाडात बैलगाडीनं कोण आणणार होतं? पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ते कारखाने जर्मन-स्विस मिशनकडून काढून घेतले, म्हणून कवेलू त्याआधीचे असावेत, एवढंच म्हणता येतं.

टिनाला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. टिनावर पाऊस पडायला लागला की पेटीचे सूर पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाहीत, आणि 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली रेव्हरंड टिळकांची पदं ओरडून म्हणायची नसतात. आता कापूस वेचणीच्या दिवसांत उपासना संध्याकाळी असते, तेव्हा गर्दीही तीच आणि अवकाळीही तेव्हाच. मायक्रोफोन लावा म्हणू नका. वीज गेली की तोही गेला.

प्रेषक: पंच कमिटी सचिव (गावातून)
उत्तर: सगळ्यांले

सगळ्यांले सलाम. तुमी तिकडून टिन-कवेलू करून राह्यले, पण भिंतीतलं पाणी कवेलूतून गळतच नाही. घंटेच्या मनोऱ्याची भिंत आणि छपराचा उतार जिथं मिळते, तिथली पन्हाळ सडली. आधीच्या मिस्त्रीनं त्यावर सिमेंट थापलं होतं. लाकूड उन्हापावसात हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून भेग पडली. तेच पाणी भिंतीत उतरून वाशाचं टोक ओलं झालं आणि उदई (वाळवी) लागली. एकच वासा गेला, बाकी सागाचे आहेत, खिळा ठोकला तर आत शिरत नाही.

फुटके कवेलू माकडांनी केले, साठ-सत्तर असतील. बाभळीच्या फांद्या छपरावर येतात त्या छाटल्या तर अर्ध्याहून जास्त माकडं वर येणारच नाहीत.

आणि चर्चची इमारत मालमत्ता ट्रस्टच्या नावावर आहे. छपराचा प्रकार बदलाचा असंन तर त्यांचं पत्र लागते, दुरुस्तीले फक्त कळवावं लागते. पत्र यायले दिवाळी उजाडते हे तुमाले माहीत आहे.

प्रेषक: टोरांटोवाले इंजिनिअर
उत्तर: उत्तर: सगळ्यांले

भाऊ, हे आधी सांगायचं ना! मग काम चार दिवसांचं आहे.

पन्हाळीला जस्ताचा पत्रा घ्या, रुंदी १८ इंच. एक कड कवेलूंखाली नऊ इंच जाऊ द्या, दुसरी मनोऱ्याच्या भिंतीला सहा इंच वर चढवा आणि दीड इंच खाच खोदून तीत वळवा. खाच चुन्यानं भरा, एक भाग चुना, तीन भाग रेती, सात दिवस ओली ठेवा. सिमेंट नको, कारण तुम्हीच सांगितलंत.

वाशाचं सडलेलं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा. दोन्ही बाजूंनी सहा मिमीच्या लोखंडी पट्ट्या लावून चार बोल्ट मारा, पट्ट्या चांगल्या लाकडावर किमान दोन फूट पाहिजेत. भिंतीतलं टोक सिमेंटनं बुजवू नका, सगळीकडून अर्धा इंच मोकळं ठेवा, नाहीतर पुन्हा सडेल. भिंतीच्या खोबणीत क्लोरपायरीफॉस २० टक्केवालं, एक लिटरला १९ लिटर पाणी, फवारा. फवारणाऱ्यानं हातमोजे आणि तोंडावर मास्क बांधावा. त्या दिवशी संडेस्कूल दुसरीकडे घ्या.

कवेलू फेरताना प्रत्येक कवेलू बोटानं वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडकलेला. नवे कवेलू जुन्यांमध्ये मिसळू नका. साचा वेगळा असतो, खाचेत खाच बसत नाही आणि तिरपा पाऊस आत शिरतो. पोर्चचे जुने कवेलू काढून मुख्य छपरात घाला, नवे सगळे पोर्चवर. चढणाऱ्यानं वाशांवर आडवी फळी टाकावी, कवेलूच्या मध्यावर पाय ठेवू नये.

प्रेषक: लेस्टरवाले काका
उत्तर: उत्तर: उत्तर: सगळ्यांले

माझा पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून माझे पैसे चालत नाहीत, ठीक. पण चर्चच्या कापणी सणाच्या लिलावात फोनवरून बोली लावली तर? कोहळा दहा हजारांना घेतो.

प्रेषक: हिशेब तपासणीस

काका, मालाच्या रास्त किमतीत घेतला तर खरेदी. दहा हजारांचा कोहळा म्हणजे देणगीच. नाही.

प्रेषक: पंच कमिटी सचिव (गावातून)

काका, लिलावही आता पहिल्यासारखा राह्यला नाही. ज्वारीचे भारे, कापसाचं गाठोडं कोणी आणत नाही. सोयाबीन मळणीयंत्रातून थेट बाजार समितीत जाते, लोक पैशाचं पाकीट आणतात. दोन कोहळे, एक कोंबडा, एवढाच लिलाव.

पन्हाळीचं आम्ही पाकिटांच्या पैशातून करतो. पत्र्याचं माप मिळालं. भारतीय पासपोर्टवाले कोण कोण आहेत, त्यांची यादी हिशेबाच्या ताईंनी पाठवावी, म्हणजे पावतीपुस्तकात नावं आधीच लिहून ठेवतो. बाभळीच्या फांद्यांचं लाकूड कोणाचं यावर काल बैठकीत वाद झाला, तो अजून मिटला नाही.