दिमिष्कच्या वाटेवर नेमकं काय घडलं: लुकाचं मानायचं की पौलाचं?

आडवाट
ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश दिसला, येशूची वाणी ऐकू आली आणि तो काही काळ आंधळा झाला, अशी हकिकत आहे. त्या दर्शनाचा विषय निघाला की सगळे बायबलच्या नव्या करारातलं, लुकाच्या नावावरचं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडतात. माझा आक्षेप तिथेच आहे. ती हकिकत त्यात तीनदा येते (अध्याय ९, २२, २६) आणि तिन्ही वेळा वेगळी. नवव्यात सोबत्यांना वाणी ऐकू येते. बाविसाव्यात उजेड दिसतो, पण वाणी ऐकू येत नाही. सव्विसाव्यात हनन्याच (दिमिष्कात पौलाला पुन्हा दृष्टी देणारा शिष्य) गायब. पौलाचं स्वतःचं गलतीकरांस पत्र याच्या आधीचं. त्यात ना प्रकाश, ना आंधळेपण. (घोडा तर कुठेच नाही, तो चित्रकारांचा.)

खडूफळा
वाणीच्या तिढ्याला उत्तर आहे. ग्रीकमध्ये 'ऐकणे'चं कर्म षष्ठीत असेल तर नुसता आवाज कानी पडतो, द्वितीयेत असेल तर बोलणं कळतं. कृत्ये ९:७ मध्ये (अध्याय ९, ओवी ७) षष्ठी, २२:९ मध्ये द्वितीया. सोबत्यांना आवाज आला, शब्द कळले नाहीत. मिटलं.

आडवाट
कसलं मिटलं? २२:७ बघा. तिथे पौल शब्द समजून उलट प्रश्न विचारतो, तरी षष्ठीच. ९:४ आणि २६:१४ मध्ये त्याच वाणीला द्वितीया. हा नियम लूक स्वतःच पाळत नाही.

वेशीबाहेर
व्याकरणात आडवाट बरोबर. पण एकाच लेखकाने एकाच पुस्तकात तीनदा लिहिलंय, म्हणजे विसरभोळेपणा नव्हे. श्रोते बदलतात. २२ मध्ये समोर यरुशलेमचा खवळलेला जमाव, म्हणून हनन्या 'नियमशास्त्र पाळणारा' होऊन येतो. २६ मध्ये ग्रीक-रोमी वळणाचा अग्रिप्पा राजा, म्हणून पराणीवर (बैल हाकायच्या टोकदार काठीवर) लाथ मारण्याची, म्हणजे व्यर्थ विरोधाची म्हण. ती ग्रीक नाटकांत आढळते, आणि इथे येशू ती इब्री (हिब्रू) भाषेत बोलतो!
शिवाय पौल दिमिष्कच्या तटावरून टोपलीतून उतरून पळाला, तो प्रसंग लूक आणि पौल दोघांकडे आहे. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (११:३२) पहारा नबाती राजा अरीतास याच्या अधिकाऱ्याचा, कृत्यांत यहुद्यांचा. अरीतास इ. स. ४० च्या सुमारास वारला, तेव्हा पलायन त्याआधीचं. लुकाकडे माहिती होती, रंग त्याचा.

खडूफळा
आणि गलतीकरांचं पत्र तरी कुठे तटस्थ आहे? आपली सुवार्ता माणसाकडून आलेली नाही, हे पौलाला तिथे ठसवायचंय. हनन्या त्याला अडचणीचाच. तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो, केफाकडे (पेत्राकडे) १५ दिवस राहिलो, येशूचा भाऊ याकोब याच्याशिवाय दुसरा प्रेषित पाहिला नाही, हे तो देवासमक्ष सांगतो. उलटी हकिकत फिरत असल्याशिवाय माणूस अशी शपथ घेत नाही.

आडवाट
मान्य. पण अरबस्तानात गेल्याचं तो सांगतो, त्याचा लुकाकडे मागमूस नाही. यहूदियाच्या (यरुशलेमच्या प्रांतातल्या) ख्रिस्ती मंडळ्यांना आपला चेहराही ठाऊक नव्हता म्हणतो. कृत्ये ९:२८ मध्ये तो यरुशलेमात उघड प्रचार करत फिरतोय.

वेशीबाहेर
मला 'धर्मांतर' हा शब्दच खटकतो. गलती १:१५ मधलं 'आईच्या उदरापासून वेगळं केलं' ही यशया ४९ आणि यिर्मया १ या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांची भाषा आहे. हे पाचारण, म्हणजे देवाने कामासाठी बोलावणं. शौल या आधीच्या नावाचा पौलही त्या वाटेवर झाला नाही. ते नाव कृत्ये १३:९ मध्ये, सायप्रसात येतं.

खडूफळा
पाचारण म्हणा हवं तर. पण दोनच ओव्या आधी, गलती १:१३ मध्ये, 'यहुदी धर्मातलं माझं पूर्वीचं वागणं' असं तोच लिहितो. 'पूर्वीचं' कुठे बसवणार?