शब्दचर्चा : सुगावा खणात सापडतो का?

प्रश्न

मी रहस्यकथा लिहायला शिकतो आहे. सध्या चौथी कथा हातात आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. इंग्रजीत ज्याला 'क्लू' म्हणतात, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? माझ्या खर्ड्यातलं वाक्य असं आहे : 'टेबलाच्या खणात एक महत्त्वाचा सुगावा पडला होता, भिंतीवरच्या घड्याळाची चावी.' मोठ्याने वाचलं तेव्हा कानाला खटकलं. 'पुरावा' घातला तर थेट कोर्टात गेल्यासारखं वाटतं, 'धागा' घातला तर खणात खरोखरच दोरा पडलाय असं. सरळ 'क्लू'च लिहावं का? बोलताना तर आपण सगळे तेच म्हणतो.

प्रतिसाद

तुमच्या कानाला जे खटकलं ते बरोबरच खटकलं. सुगावा पडत नाही, तो उचलून खिशातही घालता येत नाही. सुगावा लागतो, आणि तोही कुणाला तरी लागतो. 'घरात कुणाला सुगावा लागू दिला नाही', 'छाप्याचा सुगावा लागताच टोळी पसार झाली' ही रोजची वाक्यं बघा. दुसऱ्या वाक्यात तर सुगावा गुन्हेगारांनाच लागलेला आहे! म्हणजे सुगावा ही वस्तू नाही. चाहूल आणि पक्की माहिती यांच्या मधली ती जागा आहे.

असा शब्द तपासायचा तर त्याच्या जोडीचं क्रियापद बघावं. माग काढतात. छडा लावतात. धागेदोरे जुळतात. पुरावा गोळा करतात, नाहीतर नष्ट करतात. या शब्दांची क्रियापदं आपापसांत बदलून बघा, लगेच अडतं. 'क्लू' लिहायला माझी हरकत नाही, विशेषतः संवादात. पण निवेदनात तो शब्द हे सगळे फरक पुसून टाकतो, आणि रहस्यकथेला तर नेमके तेच फरक हवे असतात.

प्रतिसाद

'पुरावा'बद्दल थोडं. खणातली चावी ही आधी नुसती चावी आहे. ती बघून तपास अधिकाऱ्याच्या डोक्यात काही हललं, तर त्याला सुगावा लागला. तिच्यावरचे बोटांचे ठसे कुणाशी तरी जुळले आणि ते तिसऱ्या माणसासमोर मांडता आले, की मग तो पुरावा. वस्तू तीच, पण तिला कुठल्या प्रकरणात काय म्हटलं आहे यावरून तपास कुठवर आला ते वाचकाला कळतं. पहिल्याच प्रकरणात 'पुरावा' लिहून बसलात तर तुम्ही वाचकाच्या कानात उत्तर सांगितलंत.

जाता जाता, इंग्रजी 'क्लू' हा मूळचा दोऱ्याचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भूलभुलैयात शिरताना दोरा सोडत जातो आणि त्याच दोऱ्यावरून बाहेर येतो, तिथून हा अर्थ आला. आपल्या 'धागेदोरे'शी त्याचं चांगलं जमतं. फक्त आपल्याकडे तो बहुधा अनेकवचनात येतो, कारण जुळवायला एक धागा पुरत नाही.

प्रतिसाद

मला यात कथालेखनाचाच धडा दिसतो. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला आठवा असा की हेराच्या हाती जे लागेल ते त्याच क्षणी वाचकालाही दिसलं पाहिजे. इंग्रजीत तिथे 'क्लू' हाच शब्द आहे. मराठीत तो नियम सांगायला बसलं की आपोआप प्रश्न पडतो : वाचकाला द्यायचं काय, वस्तू की सुगावा? वस्तू द्यायलाच हवी, लपवलीत तर ती फसवणूक. सुगावा मात्र ज्याचा त्याला लागू द्यावा.

तुमची चावी चांगली आहे, म्हणून तिच्यावरच सांगतो. घड्याळ रोज चावी द्यावं लागणारं असेल, तर एक दिवस चुकला की ते बंद पडणार. घरमालक चार दिवस बेपत्ता आणि घड्याळ चालू, म्हणजे काल घरात कुणीतरी होतं. ही झाली अर्धी गंमत. चावी नेहमी घड्याळामागच्या खिळ्याला असते, हे आधीच्या एखाद्या प्रकरणात सहज येऊन जाऊ द्या. मोलकरीण धूळ पुसताना चावी खाली पडते, ती पुन्हा अडकवते, बास. मग चावी खणात सापडली, की तिची जागा ठाऊक नसलेल्या माणसाने घड्याळाला चावी दिली हे वाचकाला कळू शकतं. कळेलच असं नाही. पण तुम्ही 'महत्त्वाचा' हे विशेषण घातलंत की ती संधीच त्याच्याकडून काढून घेतलीत. आणि ती फार मोलाची असते; मी रहस्यकथा वाचतो त्या एवढ्यासाठीच.

प्रतिसाद

'खूण' कुणीच कशी काढली नाही? 'ण' आणि 'न' मधला फरक आपल्या धंद्यात जपून ठेवायला हवा. ती खूण, तो खून. खुणेचा आणि खुनाचा. 'खून' हा फारसी शब्द, मूळ अर्थ रक्त. आपल्याकडे तो कृत्याचं नाव झाला, आणि म्हणूनच तो निष्कर्ष आहे. दार फोडून आत शिरलेल्या माणसाला मृतदेह दिसतो, खून दिसत नाही. पोलीससुद्धा सुरुवातीला आकस्मिक मृत्यूची नोंद करतात. निवेदक पहिल्याच पानावर 'खून' म्हणाला, तर अपघात आणि आत्महत्या या दोन्ही वाटा त्यानेच बंद केल्या.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक विचारतो. वाचकाला भलत्याच वाटेला लावणाऱ्या गोष्टीला काय म्हणावं? 'रेड हेरिंग'चं भाषांतर करून उपयोग नाही, त्या धुरावलेल्या माशाचा मराठीत वास येत नाही.

प्रतिसाद

दोन शब्द आहेत, आणि दोन्ही हवेत. हूल देतात : पात्र मुद्दाम खोटी दिशा दाखवतं, तेव्हा ती हूल. चकवा लागतो : माणूस आपल्याच पायांनी चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. चकव्यात कुणाला खोटं बोलावं लागत नाही. शिकताना हूल आधी जमते, चकवा उशिरा. माझ्या सुरुवातीच्या कथांत सगळीच पात्रं खोटं बोलायची, त्यामुळे कुणावरच संशय टिकायचा नाही.

मूळ प्रश्नकर्ता

रात्री बसून परिच्छेद पुन्हा लिहिला. 'सुगावा' काढला, 'महत्त्वाचा'ही काढला :

'खणात दोन पेन्सिली, जुनी बिलं आणि घड्याळाची चावी होती. त्याने बिलं बाहेर काढली आणि खण लावून टाकला. खोलीत एवढी शांतता होती की घड्याळाचा आवाज मोठा वाटत होता.'

'टिकटिक' लिहिणार होतो, पण 'आवाज' ठेवला. 'टिकटिक' म्हटलं की वाचक थेट घड्याळाकडे बघेल असं वाटलं. तुम्हाला काय वाटतं?