आर्यनची छाती वाजतेय, कुणी जागं आहे का?

प्राजक्ता (ए-203): आर्यनला कालपासून सर्दी आहे. आता श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतोय. डॉक्टरांनी संध्याकाळी श्वासातून औषध घ्यायचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची मास्कवाली नळी, दिलाय. पण सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते. अडीच वर्षांचाच आहे हो तो.

जोशी काकू (बी-101): घाबरू नकोस गं. ओव्याची पुरचुंडी शेक, वाफ दे.

स्मिता सिस्टर (सी-502): काकू, वाफ नको. पातेलं कलंडून भाजलेली मुलं वॉर्डात पाहिलीत मी. आणि शेकाने आतल्या आवळलेल्या श्वासनळ्या सुटत नाहीत. प्राजक्ता, आधी सदरा वर करून छाती बघ. बरगड्यांमधली कातडी किंवा गळ्याखालची खळी आत ओढली जातेय का? पूर्ण मिनिटभर श्वास मोज.

प्राजक्ता: 36. आत ओढत नाहीये. पाणी प्यायला.

स्मिता सिस्टर: छान. या वयात 40 किंवा जास्त आले असते तर लगेच दवाखाना. आता सांगितलाय तेवढा डोस दे. पंप हलव, मास्क नाकातोंडावर घट्ट धर, एक दाब, मग पाच-सहा श्वास होऊ देत. दुसरा दाब पुन्हा हलवून. मांडीवर घेऊन शांत कर, रडताना औषध खाली नीट उतरत नाही. सवय वगैरे काही लागत नाही. सालब्युटामॉल म्हणजे श्वासनळ्या सैल करणारं औषध; त्याच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम असतं, त्याच्याच 5 मिली सिरपमध्ये 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट, आणि ते पोटातून अंगभर फिरतं. सासूबाईंना हे नक्की सांग.

देशपांडे (डी-404): म्हणजे दमा आहे का?

स्मिता सिस्टर: लगेच तसं म्हणू नये. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांची छाती व्हायरल सर्दीत वाजते आणि मोठेपणी थांबते. सर्दी नसतानाही रात्री खोकला, पळताना-हसताना धाप, घरात कुणाला दमा, असं असेल तर डॉक्टर रोजच्या पंपाचा विचार करतात. हो, आणि शेंगदाणा-चणा खाताना ठसका लागून एकदम आवाज सुरू झाला तर तडक हॉस्पिटल, नळीत अडकलेला असू शकतो.

प्राजक्ता: पंप दिला. आवाज कमी वाटतोय.

स्मिता सिस्टर: नुसत्या आवाजावर जाऊ नकोस. नळ्या फारच आवळल्या की आवाज बंदही होतो. ओठ निळसर, पाणी पिईना, सुस्त पडला, किंवा चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला तर थांबू नका, 108 लावा. आणि खोलीतली मच्छर कॉइल विझवा.

देशपांडे: सकाळी फॉगिंग होतं, ते रद्द करतो. माझ्या गाडीची चावी वॉचमनकडे ठेवतोय. रात्री कधीही उठवा.