स्क्रॅच म्हणजे खेळणं आणि पायथन म्हणजे कोडिंग, असं असतं का?

घोडबंदरची आई: पोरगी सहावीत आहे, स्क्रॅचमध्ये, म्हणजे माउसने रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्राम करतात त्यात, तिने मासुंदा तलावातला कचरा गोळा करणाऱ्या होडीचा गेम केला, स्कोअर, लाइफ, सगळं. क्लासचे सर म्हणाले खेळणं पुरे, आता पायथनसारखं टाइप करायचं खरं कोडिंग लावा. अहो लूप, इफ, व्हेरिएबल सगळं वापरलंय तिने! एमआयटीने 2007 ला स्क्रॅच काढलं तेच 8 ते 16 वयासाठी.

ऐरोली आयटीवाला: सर बरोबर बोलले. आमच्या ऑफिसात एकाने नो-कोडवर, म्हणजे कोड न लिहिता स्क्रीनवर चौकोन-बाण जोडून, अप्रूव्हलचं काम उभं केलं, सहा महिन्यात स्क्रीनभर नुसते बाण, तो गेला आणि आम्ही झूम करत बसलोय. टेक्स्ट असतं तर सर्च मारला असता, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, काल कोणी काय बदललं ते कळलं असतं.

रबाळे मेंटेनन्स: साहेब, एमआयडीसीत या. मशीन चालवणारा कंट्रोलर म्हणजे पीएलसी, त्याचा लॅडर प्रोग्राम शिडीसारखं चित्रच आहे. 60च्या दशकाच्या शेवटी पीएलसी आला तेव्हा रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, पॅनेलच्या ड्रॉइंगसारखाच ठेवला, वायरमनला वाचता यावा म्हणून. रात्री दोनला लाइन बंद पडली की लॅपटॉप पीएलसीला जोडून ऑनलाइन जायचं, कुठल्या कॉन्टॅक्टवर (स्विचच्या चिन्हावर) अडकलंय ते स्क्रीनवर दिसतं, सेन्सर पुसला की लाइन चालू. तेव्हा तुमच्या गिटला कोण विचारतो?

ऐरोली आयटीवाला: मग पीएलसीच्या भाषांचं जे स्टँडर्ड आहे, आयईसी 61131-3, त्यात लॅडरसोबत स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही टाइप करायची भाषा कशाला आहे?

रबाळे मेंटेनन्स: आहे ना, रेसिपीची (कुठला माल किती, त्याची) आकडेमोड आम्ही पण त्यातच लिहितो, लॅडरमध्ये लूप टाकायचा म्हणजे डोक्याला ताप. पण इंटरलॉक, म्हणजे अट पुरी झाल्याशिवाय मशीन चालू न देणारं लॉजिक, लॅडरमध्येच.

कोपरीकर: तुम्ही सगळे डोळे आहेत असं धरूनच बोलताय. माझ्या मामेभावाला दिसत नाही. शाळेत स्क्रॅचच्या तासाला माउसने ब्लॉक ओढा म्हणाले, हा नुसता बसून. घरी एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून पायथन लिहितो, ओळ किती आत आहे तेसुद्धा ते बोलून सांगतं. आणि ते एनव्हीडीए बरंचसं पायथनमध्येच लिहिलंय, 2006 मध्ये एका अंध ऑस्ट्रेलियन पोराने सुरू केलं, मग त्याचा अंध मित्रही जोडीला आला. 'सगळ्यांना सोपं' म्हणताना कोणाला ते पण सांगा.

घोडबंदरची आई: हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

ऐरोली आयटीवाला: म्हणजे शेवटी टेक्स्टच ना!

कोपरीकर: त्याच्यासाठी हो. तिचा गेम कशाला मोडताय?

रबाळे मेंटेनन्स: ताई, गेमची लिंक टाका. नाइट शिफ्टला खेळतो.